एकटीने नर्मदा परिक्रमा : अनोळखी दारात मुक्काम मागायला जीभ रेटत नाही

पाऊलवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

येत्या कार्तिकी एकादशीनंतर पायी परिक्रमेला निघायचं ठरवते आहे. वय ३६, पुण्यात नोकरी, बिनपगारी रजा मंजूर झाली आहे. ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलणार. चालण्याची काळजी नाही. पाठीवर सामान घेऊन सह्याद्रीत बरीच वर्षं भटकते आहे आणि उघड्यावर झोपायची सवय आहे.

अडचण वेगळीच आहे. मी अबोल. ऑफिसात डबा खातानाही इतरांचं ऐकत बसते. ट्रेकला ग्रुप असतो, बोलणारे बोलतात, आपण चालायचं. इथे मात्र रोज संध्याकाळी नव्या गावात कुणाच्या तरी दारापुढे उभं राहून 'रात्रीपुरती जागा मिळेल का' म्हणायचं, हे डोळ्यांपुढे आलं की पोटात गोळा येतो. वर त्यांच्याकडे फुकट जेवायचं, हेही मनाला पटत नाही. पैसे देऊन लॉजवर राहत गेलं तर चालेल का? की सोबत शोधून मगच निघू? आई म्हणते बसने कर. तेही करता येईल, पण मला चालायचं आहे.

ज्या बायका एकट्या जाऊन आल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. पुरुषांचेही अनुभव वाचायला आवडतील.

---

चक्रधर७१

मी सायकलने केली आहे, त्यामुळे मुक्कामाबद्दल जाणकार सांगतीलच. लॉजचं सांगतो. बडवानी, अंकलेश्वर, भडोच, जबलपूर अशा मोठ्या ठिकाणी लॉज मिळेल. मधल्या गावांत आश्रम, धर्मशाळा, देऊळ, शाळेचा व्हरांडा, नाहीतर कुणाचं तरी घर. नदी १३१२ किलोमीटर लांब. म्हणजे दोन्ही काठ धरले की २६०० च्या वरच चाल होते, आणि त्यातला फार मोठा भाग खेड्यापाड्यांतून आहे. लॉजच्या हिशेबाने पायी परिक्रमा आखताच येणार नाही.

ओंकारेश्वरला परिक्रमावासी असल्याचं पत्र करून घ्या, आधारच्या प्रती आणि फोटो जास्तीचे ठेवा. एक वही ठेवा, आश्रमात त्यावर शिक्का देतात. अनोळखी गावात ती वही दाखवली की फार बोलावं लागत नाही.

---

मधुमालती

पाऊलवाट, तुला 'अगं' म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस. तुझा प्रश्न वाचला आणि मशीन बंद करून लिहायला बसले. मी सांगलीची, ब्लाउज शिवते, वय ५७. हे गेल्यावर, मुलाचं लग्न झाल्यावर एकटी निघाले होते. ओंकारेश्वरहूनच.

'जागा मिळेल का' असं विचारायची वेळ तिथे फार क्वचित येते. ओट्यावर बसलेलं माणूस लांबूनच 'नर्मदे हर' म्हणतं. आपण 'नर्मदे हर' म्हणायचं. पुढचा प्रश्न ठरलेला, 'कितनी मूर्ति?' परिक्रमावासीयांना तिकडे मूर्तीतच मोजतात. मी सांगायची, एक. मग 'आओ माताराम, आसन लगाओ.' माताराम म्हणजे तू. ३६ वर्षांची असलीस तरी मातारामच, आणि या एका हाकेने बाईमाणसाचं निम्मं ओझं उतरतं. नाव-गाव-नवरा हे सगळं नंतर. काही घरांत तर सकाळी निघेपर्यंत कुणी विचारलंही नाही.

दुसरं म्हणजे तुझ्याजवळ बाटलीत मैयाचं, म्हणजे नर्मदेचं, जल असणार. सकाळ-संध्याकाळ तिची पूजा करायची असते. पाटावर बाटली ठेवून दिवा लावला की घरातल्या बायका आणि शेजारच्या पोरीबाळी आपणहून येऊन बसतात. त्या मैयाला भेटायला आलेल्या असतात, त्यामुळे आपल्यावर बोलायचं दडपण नसतं. आरती त्याच म्हणतात, पाठ असते. तू टाळ्या वाजव. आरती संपेपर्यंत निम्मी ओळख झालेली असते.

पण माझा खरा आधार होता सुईदोरा. गोळ्यांच्या रिकाम्या डबीत सुया, काळा-पांढरा-लाल दोरा, हुक, प्रेसची बटणं आणि एक लहान कात्री. घरून निघताना स्वतःसाठी घेतली होती. बडवानीच्या अलीकडे एका घरी उतरले. अंगणात मिरची वाळत घातलेली, पडवीत कापसाचा ढीग. घरची सून वाढायला वाकली तेव्हा दिसलं, ब्लाउजला हुक नाहीत, तीन सेफ्टी पिना लावलेल्या, त्यातली एक वाकडी होऊन टोचत होती. ती दर वेळी खांदा आखडून घेत होती. जेवण झाल्यावर मी डबी उघडून तिच्यापुढे ठेवली, बोलले काहीच नाही. तिने आत जाऊन ब्लाउज बदलला आणि पिना लावलेला आणून दिला. पट्टी जुनी होती, कापड विरलेलं, हुक नुसते लावले असते तर दोन दिवसांत पट्टीसकट निघाले असते. म्हणून आतून दुहेरी पट्टी दिली. त्यासाठी तिनेच जुन्या परकराचा तुकडा शोधून आणला. दिवा मंद, मला सुईत दोरा ओवता येईना, ती ओवून देत होती. थोड्या वेळाने सासूबाई आपला ब्लाउज घेऊन आल्या. मग शेजारीण पोराची चड्डी घेऊन. रात्री उशिरापर्यंत पडवीत आम्ही बायका बायकाच होतो.

त्यात सुनेने तिच्या माहेराचं सांगितलं. काठावरचं गाव. २०१९ साली सरदार सरोवर पहिल्यांदा पूर्ण, १३८.६८ मीटरपर्यंत भरलं तेव्हा तिचं माहेरचं घर पाण्यात गेलं. बाप दुसऱ्या वसाहतीत राहायला गेला, पण तिच्या लेखी माहेर तेच, पाण्याखालचं. 'तुमच्या बाटलीत आहे ते पाणी आमच्या अंगणातलंही असेल,' असं ती सहज म्हणाली. यावर मी काही बोलले नाही. शिवत राहिले. तिलाही मी काही बोलावं असं वाटत नव्हतं. तुला सांगायचं ते हेच आहे, की अबोल माणसाजवळ लोक जास्त बोलतात, फक्त त्याचे हात कामात असले पाहिजेत. नुसतं समोर बसून गप्प राहिलं तर दोघांनाही अवघडतं.

पुढे शूलपाणीची झाडी, म्हणजे डोंगराळ जंगलाचा पट्टा. तिथे एकेकाळी परिक्रमावासीयांना लुटायचे, अंगावरचे कपडेही ठेवत नसत, असं आपण वाचत आलोय. मला तिथे मिळाल्या त्या भाकरी आणि कोरा चहा. ज्या घरात स्वतःपुरतं धान्य जेमतेम, तिथे मला पहिली भाकरी वाढली गेली. झाडीचा एक भाग आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून जातो. कित्येक दिवस हिंदी बोलून जीभ अवघडली होती, आणि धडगाव तालुक्यात बिलगावच्या पुढे एका झोपडीत एक मुलगी बालभारतीचं पुस्तक मोठ्याने वाचत बसलेली. घरची भाषा पावरी, पण शाळा मराठी. तिच्या दप्तराचा पट्टा तुटला होता. मी पट्टा शिवेपर्यंत तिने मला तीन धडे वाचून दाखवले आणि अडेल तिथे माझ्याकडे बघायची. तिच्या आईला माझी भाषा येत नव्हती, मला तिची नाही. निघताना त्या माऊलीने माझ्या झोळीत भाजलेल्या शेंगा ओतल्या आणि टेकडीच्या माथ्यापर्यंत वाट दाखवायला आली.

आता फुकट जेवण्याचं. हा विचार मलाही होता, कारण मी आयुष्यभर शिलाईचे पैसे मोजून घेतले आहेत. काठावरच्या माणसाची समजूत अशी आहे की ज्याला शेती-गुरं सोडून निघता येत नाही त्याने निघालेल्याला जेवू घालावं, म्हणजे त्याचाही वाटा पडतो. घरात पैसे पुढे केलेस तर ते दुखावतात. आश्रमातल्या पेटीत टाकावेत, सदाव्रतासाठी, म्हणजे परिक्रमावासीयांच्या मोफत जेवणासाठी, कुठे शिधा देता येतो ते बघावं. घरी लहान मुलगी असेल तर तिला कन्या म्हणून रिबीन, वही, खाऊ द्यावा, तो आनंदाने घेतात. मी चिंध्यांचे बटवे शिवून नेले होते.

सावधगिरीही लिहिते, कारण एकटी बाई आहेस. दुपारी चारच्या पुढे चालू नकोस, उजेडात आसन लावायचं. ज्या घरात किंवा आश्रमात बाईमाणूस दिसेल तिथेच राहायचं, नसेल तर विनासंकोच पुढे जायचं. झाडीत एकटीने शिरू नकोस. तिथे फोन लागत नाही आणि वाटा फुटतात, दोन-तीन मूर्तींबरोबर जा. सोबत शोधून निघायची गरज नाही, वाटेत मिळते आणि आपोआप सुटते. एखादा मूर्ती नको इतका चिकटला तर वाद घालायचा नाही. पुढच्या गावात एखाद्या बाईच्या ओट्यावर बसायचं, 'थोडं थांबते' म्हणायचं आणि त्या बाईला खरं कारण सांगायचं. पुढचं ती बघते. मला एकदा असं करावं लागलं, आणि त्या घरच्या सासू-सून दोघी मला पुढच्या आश्रमापर्यंत पोचवायला आल्या.

दक्षिण काठ समुद्रापाशी संपतो त्या विमलेश्वरला तर बोलणं आपोआप होतं. समुद्र ओलांडायची नाव भरती-ओहोटीच्या हिशेबाने सुटते, तोवर सगळे एका जागी थांबलेले. पलीकडे उत्तर काठावर मिठी तलाईला उतरेपर्यंत नावेत तासन् तास खेटून बसायचं. शेजारच्या बाईला नाव लागली, तिचं डोकं मी मांडीवर घेतलं. जबलपूरची निघाली. उत्तर काठाने तिच्या गावी पोचले तेव्हा तिच्या घरी राहिले.

---

मंडलेश्वरकर

मधुमालतीताई, फार मनापासून लिहिलंत, वाखू (वाचनखूण) साठवली आहे. मी पलीकडच्या बाजूने लिहितो. आमचं घराणं पिढ्यान्पिढ्या मंडलेश्वरात, घरात मराठी, बाहेर निमाडी. हिवाळ्यात आमच्या ओसरीवर परिक्रमावासी असतातच.

पाऊलवाटताई, यजमानाला तुमच्या गप्पांची अपेक्षा नसते. दिवसभर चालून आलेला माणूस थकलेला असतो हे आम्हाला कळतं. आमच्या आईला आवडतं ते एवढंच, की पानात टाकू नये, किती पोळ्या खाणार ते आधी सांगावं आणि सकाळी जागा झाडून निघावं. अलीकडे एका गोष्टीचा त्रास होतो. लोक आल्या आल्या मोबाईल उभा धरतात, चुलीपाशी बसलेल्या बायकांचं चित्रण करतात, विचारतही नाहीत. आमच्या बायको-वहिनींना ते मुळीच आवडत नाही, पण पाहुण्याला बोलायचं कसं म्हणून गप्प राहतात. घरात पाऊल टाकण्याआधी फोन पिशवीत गेला की त्या घराशी तुमचं जमलंच समजा.

आणि लॉजवर राहू नका हो. आमच्याकडे एखाद्या संध्याकाळी कुणीच आलं नाही तर आई दोनदा रस्त्यावर जाऊन बघून येते.

---

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. मधुमालतीताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, चारच्या आत आसन लावणार असशील तर जा.

एकच विचारायचं आहे. मला शिवता येत नाही. बटणसुद्धा धड लावता येत नाही. माझं सगळं काम कॉम्प्युटरवर. मग मी काय करू? आणि अशी माणसं मागे सोडून दुसऱ्या दिवशी निघताना जड नाही का जात?

---

मधुमालती

जड जातं. त्याला उपाय नाही. निमाडातल्या त्या सुनेच्या घरातून निघाले तेव्हा पुढच्या गावापर्यंत डोळ्यांना पदर लावत चालले होते.

कामाचं म्हणशील तर तुझ्याकडे माझ्यापेक्षा मोठी विद्या आहे. लसूण सोलणं, डाळ निवडणं, पानं उचलणं हे कुणालाही येतं, तेवढ्यानेही चुलीपाशी जागा मिळते. पण खेड्यात घरोघरी कागद पडलेले असतात. बँकेचं पासबुक, विजेचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी, पेन्शनचं पत्र. म्हातारी माणसं कुणी वाचून दाखवेल म्हणून वाट बघत असतात. मला इंग्रजी येत नाही, त्यामुळे अशा कागदांपुढे मी हात जोडायची. तू शांतपणे वाचून, यात काय लिहिलंय आणि कुठे जायचं ते सांग. कुणाचा फोन किंवा पासवर्ड मात्र हातात घेऊ नकोस, वाचून सांगण्यापुरतंच ठेव. शाळकरी मुलं असतील तर गणितं घेऊन बस. गणिताला बोलावं लागत नाही.

चपला एक नंबर मोठ्या घे, पाय सुजतात. जानेवारीत अंगावर घ्यायला एक जाड शाल हवीच. जायची तारीख पक्की झाली की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. बडवानीच्या अलीकडच्या त्या सुनेचा अजून संक्रांतीला फोन येतो, तिला तू येणार असल्याचं कळवून ठेवते.