वडिलांची दाढी करायला शिकतोय: ब्रश, साबण, जुना रेझर. मदत हवी

पाथर्डीफाटा_३१

नमस्कार मंडळी. राहायला नाशिकला, पाथर्डी फाट्याला. आजवर माझी दाढी म्हणजे तीन पात्यांचं कार्ट्रिज आणि डब्यातला तयार फेस, दोन मिनिटांत मोकळा. आता ब्रश-साबणाची दाढी नीट शिकायची आहे, आणि ती माझ्यासाठी नाही.

फेब्रुवारीत वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन हॉलपर्यंत येतात, पण उजव्या हातात चमचा धरवत नाही. सातपूरच्या कंपनीत ३३ वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक फर्स्ट शिफ्ट. पहाटे पाचला मोरीतल्या आरशासमोर दाढी, मग अंघोळ, मग चहा. रविवारीसुद्धा हा क्रम मोडला नाही. आता मी एक दिवसाआड ट्रिमर फिरवतो. फिरवून झालं की डाव्या हाताने गाल चाचपतात आणि गप्प बसतात. गेल्या आठवड्यात म्हणाले, "खुंट राहिलेत." बोलणं अजून अडखळत येतं, एकेक शब्द जुळवावा लागतो. तेवढी मेहनत घेऊन त्यांनी हे सांगितलं, म्हणून मला ते फार लागलं.

घरी येऊन दाढी करणारे एक जण मिळाले होते. दोनदा आले, नंतर फोन उचलला नाही. तेव्हा ठरवलं, आपणच शिकायचं आणि त्यांच्याच सामानाने. रेझर जड आहे, तीन तुकड्यांत सुटतो. ब्रश डुकराच्या केसांचा, साबण वाटीतला गोल, आणि तुरटीचा खडा इतका झिजलाय की मधोमध खळगा पडलाय. सध्या सगळे प्रयोग माझ्याच तोंडावर चालू आहेत. आजचा चौथा दिवस.

अडचण अशी की फेस टिकत नाही. वाटीत भरपूर दिसतो, पण गालाला लावून रेझर उचलेपर्यंत नुसतं पाणी. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, त्याचा संबंध असेल का? गळ्यावर लाल पुरळ आलंय, हनुवटीखाली दोनदा कापलं. आणि खरा प्रश्न पुढेच आहे: दुसऱ्याच्या तोंडावर रेझर चालवताना उभं कुठे राहायचं, हात कसा धरायचा? व्हिडिओ पुष्कळ पाहिले, सगळे आपापली दाढी करणारे.

टूलरूम_अंबड

पाण्याचाच संबंध आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण आधी त्यांच्याशी जुळतो आणि त्याचा साका होतो. बादलीच्या काठाला पांढरं चिकट बसतं ना, तेच. फेसाला साबण उरतच नाही. स्वयंपाकघरातल्या आरओचं वाटीभर पाणी कोमट करून घ्या. किंवा महापालिकेचा नळ वेगळा असेल तर तिथलं घ्या, गंगापूर धरणाचं पाणी बोअरपेक्षा कितीतरी मऊ. दाढीला लागतं वाटीभर, तोंड नंतर कशानेही धुवा.

डुकराच्या केसांचा ब्रश कोरडा वापरला तर पाणी स्वतःच पिऊन टाकतो. पाच मिनिटं भिजत ठेवा, चांगला झटका, मग साबणावर पूर्ण अर्धा मिनिट फिरवा. ब्रशवर दाट लगदा चढला पाहिजे. त्यानंतर गालावर गोल गोल फिरवताना थेंब थेंब पाणी वाढवायचं. घोटलेल्या चक्क्यासारखा झाला की थांबा. डोळ्याला बुडबुडे दिसत असतील तर साबण कमी पडलाय. पहिले दोन-तीन दिवस रेझरला हात न लावता नुसता फेस काढून धुऊन टाकलात तरी ते दिवस वाया जाणार नाहीत.

आता कापण्याचं. मी रोज लेथवर धातू कापायचं टूल लावतो, त्यामुळे रेझरकडेही त्याच नजरेने बघतो. हे ब्लेड ०.१ मिलिमीटर जाड असतं, सुटं धरलं तर लवतं. रेझरची टोपी कमानदार असते, दांडा आवळला की ब्लेड त्या कमानीवर वाकतं आणि तो बाक त्याला ताठ ठेवतो. दांडा अर्धवट आवळला की धार थरथरते. टूल होल्डरच्या बाहेर जास्त काढलं की ते थरथरतं आणि जॉबवर रेघा उठतात, त्याला आम्ही चॅटर म्हणतो, तसाच चॅटर तुमच्या हनुवटीखाली आला असणार. जुन्या रेझरच्या आट्यांत साबण साठतो. टूथब्रशने घासून काढा आणि मग बघा शेवटपर्यंत आवळला जातो का.

कोन पुस्तकात ३० अंश लिहितात, पण आरशात अंश कोण मोजणार? टोपी गालाला टेकवा, दांडा गालापासून काटकोनात बाहेर. आता दांडा सावकाश खाली आणत हलके हलके ओढा. केस कापल्याचा कर्र आवाज सुरू झाला की तोच कोन. आवाजावर भरवसा ठेवा.

आणि दाब अजिबात नको. कार्ट्रिजचं डोकं मानेत हलतं, दाबलं तर मागे सरतं, म्हणून आपल्या हाताला दाबायची सवय लागलेली असते. हा रेझर सरत नाही. दांडा शेवटाकडे दोन-तीन बोटांनी धरा, त्याचं वजनच पुरेसं. तुमचं पुरळ या दाबामुळेच आलंय असं माझं मत.

ब्लेड चार-पाच दाढ्यांनंतर बदलाच. केस पोलादापेक्षा जवळपास ५० पट मऊ, तरी धार जाते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर धार नुसती झिजत नाही, केस वाकला की कडेचे बारीक टवके उडतात. आमच्याकडे इन्सर्टची, म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची, कड उडते तसंच. त्यामुळे वडिलांच्या गालाला शंका असलेलं ब्लेड लावू नका, पाकीट स्वस्त आहे. धुताना ब्लेड टॉवेलने पुसायचं नाही, नुसतं झटकायचं.

नाशिकरोड_सलून

दादा, दुकान माझ्या वडिलांपासूनचं आहे. आजोबा धोकटी घेऊन घरोघर जायचे, आजारी माणसाची दाढी हे त्यांचं कायमचं काम होतं. वस्तरा निसण्यावर लावायचे, पट्ट्यावर फिरवायचे. आता आम्ही वस्तऱ्यात अर्धं ब्लेड घालतो, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं. पण हात तोच लागतो.

आधी वडिलांच्या तोंडावरून कोरडी बोटं फिरवा. ज्या बाजूला गुळगुळीत लागेल ती केसांची दिशा. गाल सरळ असतात, फसवतो तो गळा. तिथे बऱ्याच जणांना भोवरा असतो. एका बाजूचे केस खाली, दुसरीकडचे आडवे कानाकडे. तुमच्या गळ्यावर पुरळ आलंय ना, तिथे बोट फिरवून बघा, आडवे केस तुम्ही वरून खाली ओढत असाल. कागदावर तोंड काढून बाण मारून ठेवा. मी शिकाऊ पोरांना हेच करायला लावतो.

उभं राहायचं त्यांच्या उजव्या खांद्याच्या थोडं मागे, म्हणजे तुमचा हात त्यांच्या हातासारखा चालतो. समोरून केलं तर सगळं उलटं होतं आणि मनगट अवघडतं. डाव्या गालासाठी त्यांचं डोकं तुमच्याकडे वळवा, तुम्ही त्यांच्यावरून वाकू नका.

उजवा गाल लुळा असेल तर "गाल फुगवा" म्हणू नका, ओठाच्या कोपऱ्यातून वारा निघून जाईल आणि त्यांना वाईट वाटेल. तुम्हीच कातडी ताणायची, कानापुढून दोन बोटांनी वर आणि मागे. बोटं साबणाने घसरतात, म्हणून ओली तुरटी आधी आपल्या बोटांच्या शेंड्यांना चोळा. पकड येते. जिथे ताण नाही तिथे रेझर टेकवायचा नाही, म्हाताऱ्या कातडीची घडी ब्लेडसमोर आली की कापलंच. मिशीच्या जागेला नाकाचा शेंडा अलगद वर धरा. एका वेळी बोटाच्या पेराएवढंच ओढा, मग उचला. केसांच्या दिशेने एकदाच. उलटा हात त्यांच्यावर कधीच नको, थोडे खुंट राहिले तरी चालतील.

कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटं ठेवा आधी. रामकुंडावर आमचे भाऊबंद क्षौर करतात ते बघा. पाणी चोळण्यातच केवढा वेळ घालवतात. केस भिजला की निम्मं काम झालं.

फिजिओ_इंदिरानगर

वरचं सगळं वाचलं, फार छान. दोन गोष्टी मात्र सुरू करण्याआधी बघाच. झटक्यानंतर बहुतेकांना रक्त पातळ करणारी गोळी असते. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या तोंडावर ब्लेड लावू नका. काहींना साफ नाही म्हणतात आणि ते ऐकायचं.

दुसरं म्हणजे बसणं. सलूनसारखी मान मागे टाकू नका. गिळायला त्रास असेल तर लाळ, फेसाचं पाणी श्वासनलिकेकडे जाऊ शकतं. पाठीला आधार देऊन ताठ बसवा, उजवा हात उशीवर. उजव्या गालाला स्पर्श कमी कळत असेल तर कापलेलं त्यांना कळणार नाही, तुम्हालाच बघावं लागेल. टॉवेल किती गरम हेही आधी त्यांच्या डाव्या गालाला लावून विचारा.

पाथर्डीफाटा_३१

तेवीस दिवसांनी लिहितोय.

आधी डॉक्टरांकडे गेलो. गोळी आहेच. त्यांनी गालांना परवानगी दिली, गळ्याला तूर्त ट्रिमर. दहा मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबलं नाही तर लगेच या, असं बजावलं. टूलरूमवाले दादा, आट्यांमधून साबणाचा पिवळा थर निघाला, दांडा अजून जवळजवळ एक फेरा आत गेला. आरओच्या पाण्याने पहिल्याच दिवशी फेस उभा राहिला. माझ्या गळ्यावर डावीकडे खरंच आडवे केस आहेत. बाण काढलेला कागद आरशाच्या कडेला चिकटवलाय. बारा दिवस फक्त स्वतःवर हात बसवला, शेवटचे पाच दिवस एकदाही कापलं नाही.

मग रविवारी वडिलांना खिडकीजवळ खुर्चीत ताठ बसवलं. टॉवेल आधी डाव्या गालाला लावला, त्यांनी मान हलवली. मी ब्रश भिजवून साबणावर फिरवायला घेतला तर त्यांनी डावा हात पुढे केला. मला वाटलं पाणी हवंय. ब्रश हवा होता. मी वाटी धरली आणि त्यांनी डाव्या हाताने साबण घोटला, सावकाश, माझ्या दुप्पट वेळ. गालाला त्यांनीच लावला, उजव्या बाजूला पोहोचेना तिथे मी. फेस माझ्यापेक्षा दाट होता.

उजव्या खांद्यामागे उभा राहिलो, बोटांना तुरटी. कानापुढून कातडी वर धरली आणि पहिला हात ओढला. तो कर्र आवाज दोघांनाही ऐकू आला. मोरीच्या दारामागून लहानपणी रोज ऐकलेला आवाज. माझा हात थांबला, त्यांनी डोळे मिटले आणि मान स्वतःहून माझ्याकडे थोडी वळवली.

पूर्ण व्हायला चाळीस मिनिटं लागली. कापलं नाही. तुरटी फिरवली, धुतलं, पुसलं. त्यांनी डावा हात गालावरून फिरवला, मग जबड्याच्या कोपऱ्यावर थांबले, कानाच्या पाळीच्या खाली.

"इथं," म्हणाले.

दोन खुंट होते. परत फेस लावून काढले. काल चौथी दाढी झाली, पंचवीस मिनिटांत.

सलूनवाले दादा, तो जबड्याचा कोपरा दोन्ही बाजूंना मला अजून जमत नाही, हाडावर कातडी ताणली जात नाही. रविवारी दुकान किती वाजता उघडता? गर्दी व्हायच्या आत येऊन तुमचा हात बघायचा आहे.