लंडनमध्ये पाच दिवस : बाबांना ऑर्केस्ट्रा, नवऱ्याला चित्रं, आणि बाबांचे गुडघे! मदत हवी आहे

मंडळी, लंडनचं प्लॅनिंग करता करता डोकं पार भंजाळलंय म्हणून धागा काढतेय. जुलैच्या शेवटी मी, नवरा आणि माझे बाबा (वय ७२) असे तिघं जातोय, हातात पूर्ण पाच दिवस. राजवाडा, टॉवर, तो मोठा पाळणा वगैरे आमचं मागे झालंय आणि बाबांना त्यात काडीचा रस नाही. बाबा नोकरी सांभाळून चाळीस वर्षं तबला वाजवत आलेत, त्यांचं एकच म्हणणं, शंभर माणसं माईकशिवाय एकत्र वाजवतात म्हणजे नेमकं काय होतं ते एकदा समोर बसून ऐकायचंय, बाकी तुम्ही न्याल तिकडे येतो. नवऱ्याला चित्रं बघायचीत, त्याने ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅशनल गॅलरी, दोन्ही टेट, कोर्टोल्ड आणि वॉलेस कलेक्शन अशी यादी काढलीये, आणि काही कमी कर म्हटलं की म्हणतो एक कोर्टोल्ड सोडलं तर सगळी फुकट आहेत, मग का सोडायची? फुकट असली तरी पाय आपलेच वापरायचे असतात हे त्याला कोण सांगणार.

तर अडचणी अशा. आम्ही जातोय तेव्हा रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स (दर उन्हाळ्यातला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा महोत्सव) चालू असणार. उभं राहून ऐकायची तिकिटं आठ पौंडांच्या आसपास मिळतात असं वाचलं, पण बाबा वीस मिनिटांच्या वर उभे राहू शकत नाहीत. बसायची कुठली जागा घेऊ? स्टेजपासून लांब बसवलं तर त्यांचा हिरमोड होईल.

दुसरं, यादीतलं काय उडवू?

आणि तिसरं, हसू नका, बाबा मैफलीत मोठ्याने दाद देतात. समेवर कोणी छान आलं की ‘क्या बात है’ निघतंच, हात मांडीवर पडतो, शेजारच्या अनोळखी माणसाकडे बघून मान डोलावतात. तिकडे सगळे श्वास रोखून बसतात म्हणे. काय करू?

प्रतिसाद १

ताई, तबलजी आहेत म्हणता ना, मग डोळे झाकून कॉयर सीट्स घ्या. म्हणजे ऑर्केस्ट्राच्या मागच्या बाजूच्या जागा, जिथे एरवी कोरस बसतो. मोठा कोरस असलेला कार्यक्रम असेल त्या दिवशी त्या विकायला नसतात, म्हणून कार्यक्रम बघूनच तारीख ठरवा. तिथे बसलं की कंडक्टरचा (हातवारे करून ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याचा) चेहरा समोर दिसतो आणि तालवाद्यं जवळजवळ तुमच्या पायाशी. व्हायोलिनांपेक्षा ढोल आणि पितळी वाद्यं जास्त ऐकू येतात, त्यामुळे खरे दर्दी नाकं मुरडतात, पण तुमच्या बाबांना नेमकं तेच हवंय. टिंपनीवाल्याकडे (टिंपनी म्हणजे मोठे नगारे) लक्ष ठेवायला सांगा. बाकीचे वाजवत असताना तो मध्येच खाली वाकतो, कान चामड्याच्या अगदी जवळ नेतो, बोटाने हलकेच टिचकी मारतो आणि पायाखालचं पेडल दाबून पुढच्या तुकड्यासाठी सूर बदलून घेतो, आणि ते आजूबाजूच्या गदारोळात! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा कार्यक्रम त्याच्याकडेच बघत बसलो होतो.

हॉल १८७१ चा, प्रचंड गोल, आणि पूर्वी तिथला प्रतिध्वनी बदनाम होता. म्हणून १९६९ मध्ये छताला मोठमोठ्या तबकड्या टांगल्या, लोक त्यांना मशरूम म्हणतात. बाबांना वर बघायला सांगा. प्रॉम्स मुळात या हॉलचे नव्हेतच, १८९५ ला क्वीन्स हॉलमध्ये सुरू झाले, तो १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात गेला तेव्हा इकडे आले.

जाताना ट्यूबच्या (तिथल्या मेट्रोच्या) नादी लागू नका. ट्राफलगार स्क्वेअरवरून ९ नंबरची बस पकडा, हॉलपाशीच उतरवते.

प्रतिसाद २

नवऱ्याची यादी वाचून माझेच पाय दुखायला लागले 😄

माझं मत : चित्रांसाठी नॅशनल गॅलरी ठेवा, वस्तूंसाठी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ठेवा, वेळ उरला तर कोर्टोल्ड, कारण ते आटोपशीर आहे आणि एदुआर माने आणि व्हॅन गॉग या चित्रकारांची काही फार मोठी कामं तिथे आहेत. बाकी सोडा. नॅशनल गॅलरी शुक्रवारी रात्री नऊपर्यंत असते, संध्याकाळी जा.

आणि बाबांना नुसतं मागे मागे फिरवू नका, चित्रांत वाद्यं शोधायचं काम द्या. खरंच सांगतोय, माझ्या आईबरोबर केलंय, तिला चित्रकलेतलं काही कळत नाही पण सतार शिकलेली, तिने मला तीन तास हलू दिलं नाही. नॅशनल गॅलरीतलं होल्बाइनचं ‘द अँबॅसेडर्स’ (१५३३) घ्या. सगळे त्यातल्या खालच्या त्या लांबट विचित्र कवटीसाठी जातात, उजव्या बाजूला सरकून तिरकं बघितलं की ती नीट दिसते, तेही करा. पण मधल्या मांडणीच्या खालच्या फळीवर एक ल्यूट (जुनं युरोपीय तंतुवाद्य) ठेवलंय ते जवळ जाऊन बघा, त्याची एक तार तुटलेली आहे. तुटून वर वळलेली तार, इतकी बारीक काढलीये. माझ्या आईला ती लांबूनच दिसली, मला दाखवावी लागली. मग व्हर्मीरची दोन छोटी चित्रं आहेत, दोन्हीत बाई व्हर्जिनलशी (पेटीसारख्या पट्ट्यांचं जुनं तारवाद्य), एकीत उभी, एकीत बसलेली. झाली की नाही बाबांची आणि जावयाची दोस्ती.

तिकडे व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला टिपूचा वाघ आहेच. लाकडी वाघ गोऱ्या शिपायावर बसलेला, आणि पोटात चक्क ऑर्गन, बाजूला छोट्या पट्ट्या आहेत. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यावर उचलून नेलेला. तो बघून नेमकं हसावं की चिडावं कळत नाही.

प्रतिसाद ३

ब्रिटिश म्युझियम सोडा म्हणणाऱ्यांचा निषेध! आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पं न बघता परत येणार का तुम्ही? फक्त तेवढं दालन बघा, तासाभरात बाहेर. चाकाची बॅग घेऊन जाऊ नका, आत घेत नाहीत, आम्हाला दारातून परत हॉटेलवर जावं लागलं आणि दोष पूर्ण माझा होता हे इथे कबूल करतो, घरी अजून केलेलं नाही.

प्रतिसाद ४

दादेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. सिम्फनीचे (ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचनेचे) साधारण चार भाग असतात, मध्ये छोटा पॉज येतो, तिथे टाळ्या वाजवत नाहीत, लोक तेवढ्यात साठवलेला खोकला मात्र मनसोक्त खोकून घेतात. प्रॉम्सला बरेच जण पहिल्यांदाच आलेले असतात त्यामुळे मध्ये टाळ्या पडतातही, कोणी मारत नाही. सोपा नियम म्हणजे कंडक्टरचे हात पूर्ण खाली आले आणि बाकीचे सुरू झाले की आपण सुरू. पण वाजत असताना ‘क्या बात है’ नाही. खरंच नाही. विगमोर हॉलला तर मुळीच नको, साडेपाचशेच्या आसपास खुर्च्यांचा हॉल, १९०१ चा, तिथे कोणी पान उलटलं तरी ऐकू येतं.

पण काकांची दाद पाच दिवस कोंडून ठेवायचीही गरज नाही. एक रात्र त्यांना सोहोमध्ये रॉनी स्कॉट्सला न्या. १९५९ पासूनचा जॅझ क्लब, टेबलाशी बसून ऐकायचं. तिथे एकेकाचा सोलो संपला की बाकीचं वाजत असतानाच टाळ्या पडतात, लोक ओरडतात, वाजवणारा हसून बघतो. ड्रमर आणि सोलो वाजवणारा आळीपाळीने चार-चार बार (म्हणजे छोटी आवर्तनं) वाजवतात ना, ते काकांना न सांगता कळेल, आपलं सवाल-जवाबच. आधी बुक करा, आणि वेळ नीट बघा, एका रात्रीत दोन शो असले तर पहिला घ्या.

प्रतिसाद ५

दोन छोट्या जागा सुचवतो. प्रिमरोझ हिलजवळ १० किंग हेन्रीज रोड, बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहिले, महाराष्ट्र सरकारने २०१५ ला घर विकत घेतलं. साधं घर, पण आपल्याकडून गेलेला माणूस तिथे गप्प होतो.

दुसरी ब्रूक स्ट्रीटवर. २५ नंबरमध्ये संगीतकार हँडल १७२३ पासून मरेपर्यंत राहिला, भिंतीपलीकडे २३ मध्ये दोनशेहून जास्त वर्षांनी रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स. आता दोन्ही मिळून एक म्युझियम. तिकीट आहे पण फिरणं फार नाही.

आणि कॉव्हेंट गार्डन स्टेशनला लिफ्टच्या रांगेला कंटाळून जिना धरू नका, १९३ पायऱ्या आहेत.

धागाकर्ती

बाप रे, सगळ्यांचे खूप खूप आभार! १९३ पायऱ्यांसाठी तर वेगळे आभार, आम्ही नक्की धरला असता जिना.

असं ठरतंय. दोन्ही टेट आणि वॉलेस उडवलं, नवरा दोन दिवस बोलणार नाही पण ते चालेल. ब्रिटिश म्युझियम फक्त अमरावतीपुरतं. शुक्रवारी दुपारी हॉटेलवर आराम आणि संध्याकाळी नॅशनल गॅलरी. किंग हेन्रीज रोडला जायचंय हे बाबा स्वतःहून म्हणाले. कॉयर सीट्स मिळाल्या, तीन शेजारी शेजारी, टिंपनीच्या बाजूच्या आहेत की नाही ते नकाशात काही कळेना. रॉनी स्कॉट्सचं बुकिंग आज रात्री करते.

बाबांना टिंपनीवाल्याचं वाचून दाखवलं तर चष्मा काढून म्हणाले, चालू कार्यक्रमात सूर बदलतो? हातोडी न घेता? मग तेवढं परत वाचायला लावलं.

दादेचंही समजावलं. ऐकून घेतलं सगळं, तोंडातून आवाज काढणार नाही असं कबूलही केलं. आता विचारतायत, मान हलवलेली चालते का? कॉयर सीट्समध्ये आपण अख्ख्या हॉलला समोर दिसतो ना, म्हणून विचारतेय. कोणी हलवलीये का?