विषय 'पावसातली मुंबई': फोटो विषयात बसतो की नाही, हे ठरवायचं कसं?

परळकर_चाळ३
आमच्या मंडळाने गणपतीनिमित्त फोटो स्पर्धा ठेवली आहे. विषय 'पावसातली मुंबई'. १८६ फोटो आलेत, परीक्षक तिघं. गुणपत्रिका शंभराची: विषय २०, तंत्र ३०, मांडणी ३०, प्रभाव २०. पहिल्याच बैठकीत जुंपली. वादातले फोटो असे:

१. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर उसळलेली लाट, वर निळं आकाश.
२. गच्चीवर निळी ताडपत्री बांधणारे कामगार. पावसाचा थेंब नाही, लख्ख ऊन.
३. खोलीत दोरीवर कपडे, खाली टेबल फॅन.
४. भिवपुरीचा धबधबा.
५. पानावरचा थेंब, अगदी जवळून. शीर्षक 'मुंबईचा पाऊस'.

कुठला ठेवावा, कुठला काढावा? आणि हे ठरवायची काही रीत असते का, की ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं?

लेन्सपुसणारा
आधी गुणपत्रिका बदला, फोटोंचं नंतर बघू. विषयाला शंभरातले वीस दिले की काय होतं पाहा. विषयाबाहेरचा देखणा फोटो: ४ + २८ + २८ + १८ = ७८. विषयात चोख बसणारा, पण तंत्रात मध्यम फोटो: १८ + १९ + २० + १६ = ७३. म्हणजे विषय सोडणारा जिंकला, आणि तेही नियमानुसार. निकालानंतर भांडण इथूनच सुरू होतं.

विषयाची चाळणी वेगळी घ्या, पहिली घ्या. प्रत्येक परीक्षकाने शीर्षक झाकून ० ते ३ द्यायचे. ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे ओढूनताणून, २ म्हणजे बसतो, ३ म्हणजे विषय काढला तर फोटोच उरत नाही. तिघांची बेरीज ५ किंवा जास्त असेल तर आत, ३ किंवा कमी असेल तर बाहेर, ४ असेल तर एकत्र बसून चर्चा. एकाने ३ आणि दुसऱ्याने ० दिला असेल तर बेरीज काहीही असो, तो चर्चेतच. आत आलेल्यांना मग उरलेल्या ८० पैकी गुण. विषयाचे गुण पुढे नेऊ नका.

सुरुवातीला बारा-पंधरा फोटो, त्यात हे वादातले पाच धरून, तिघांनी एकमेकांना न दाखवता तपासायचे आणि मग आकडे समोर ठेवायचे. तिघं विषयाचा एकच अर्थ लावतायत का, ते तिथेच कळतं. बाकीचे प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने द्या आणि एका बैठकीत चाळीसच्या वर नकोत. शेवटच्या फोटोंवर नेहमी कंटाळा निघतो.

भरती_ओहोटी
आता पाच फोटो. मी एकच प्रश्न विचारतो: पाऊसच पडत नसता तर ही चौकट मिळाली असती का?

ताडपत्री: नसती मिळाली. मे महिन्यात निम्म्या मुंबईच्या गच्च्या निळ्या होतात त्या केवळ पुढे येणाऱ्या पावसाच्या धास्तीने. थेंब दिसत नसला तरी कारण पाऊसच. मी २ देईन, आणि चौकटीत काळवंडलेली गळकी भिंतही असेल तर ३.

लाट: इथे गफलत होते. कठड्यावर येणारं पाणी भरतीचं, त्याचा त्या क्षणाच्या पावसाशी संबंध नाही. महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते, त्या दिवशी कोरडं ऊनही असू शकतं. हे खरं की लाटेचा जोर नैऋत्य वाऱ्यांचा, डिसेंबरातली तेवढीच भरती असं उसळत नाही. म्हणून शून्य नको, १ द्या. विषय 'मुंबईचा पावसाळा' असता तर २ दिले असते.

धबधबा: बाहेर. कर्जत लोकल तिथे जाते म्हणून भिवपुरी मुंबई होत नाही, तो रायगड जिल्हा. मात्र ठाणे, मीरा रोड, नवी मुंबई याबद्दल पत्रकात काही लिहिलं नसेल तर संशयाचा फायदा स्पर्धकाला द्या. हद्द आता आखू नका.

पान: बाहेर. विषयाला दोन पाय आहेत, पाऊस आणि मुंबई. इथे मुंबईचा पत्ता नाही, आणि तो थेंब दवाचा की स्प्रेच्या बाटलीचा हेही सांगता येत नाही.

कपडे: हा कठीण. आमच्याकडे दहा बाय दहाच्या खोलीत कपडे बारा महिने आतच वाळतात. चौकटीत आणखी काय आहे ते सांगा.

शीर्षकवादी
पानाच्या फोटोबाबत असहमत. शीर्षक हा स्पर्धकाच्या कामाचाच भाग आहे, ते झाकून न्याय कसला करता?

लेन्सपुसणारा
झाकायचं ते पहिल्या फेरीपुरतं. चारवर अडकलेल्यांचं शीर्षक उघडा. ते वेळ सांगू शकतं, जागा सांगू शकतं, पण चौकटीत नसलेली गोष्ट आणून देऊ शकत नाही. नाहीतर कुठल्याही थेंबाखाली 'मुंबई' लिहिलं की काम झालं. आणि फोटोखालच्या ओळींवर भिस्त ठेवली की त्या तपासायची जबाबदारीही येते. २०१५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोने शार्लरुआ या बेल्जियन शहरावरच्या मालिकेचं पहिलं बक्षीस काढून घेतलं, कारण त्यातला एक फोटो निघाला ब्रुसेल्सच्या मोलनबेकचा. उलटी गंमत २०२४ ची: '१८३९ अवॉर्ड्स' या फोटो स्पर्धेत एआय चित्रांच्या गटात खराखुरा काढलेला फ्लेमिंगोचा फोटो शिरला, परीक्षकांचं तिसरं बक्षीस आणि लोकांची पसंती घेऊन गेला, आणि सत्य कळल्यावर बाद झाला. फोटो चांगला होता, गट चुकीचा होता.

एक्झिफ_उघडा
तुमच्याकडे फोटो आले कसे, व्हॉट्सॲपवर? साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि एक्झिफही, म्हणजे फाइलमध्ये कॅमेऱ्याने नोंदवलेली माहिती, उडतो. म्हणजे तारीख गेली. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल येते. वादातल्यांकडून तेवढी मागवा. परीक्षकांना मात्र नावं काढून, फक्त क्रमांक टाकलेल्या प्रती द्या.

तारखेवर एकट्यावर बाद करू नका. मान्सूनची मुंबईतली सर्वसाधारण तारीख यायची ११ जून, जायची ८ ऑक्टोबर, पण अवकाळी पडतोच. कॅमेऱ्याचं घड्याळही चुकीचं असू शकतं. हवामान खात्याचा कुलाब्याचा आणि सांताक्रूझचा आकडा एकाच दिवशी जमीन-अस्मानाइतका वेगळा असू शकतो, त्यामुळे 'त्या दिवशी पाऊस नव्हता' हे ठामपणे म्हणताना जपून.

विषयात बसवण्यासाठी ॲपमधून टाकलेला पाऊस मात्र शोधा. शंभर टक्के झूम करा आणि चार गोष्टी बघा. जवळच्या आणि लांबच्या रेघा एकाच लांबीच्या, एकाच कोनात आहेत का. डबक्यात थेंबाच्या कड्या उठतायत का. छत्रीच्या काडीच्या टोकाशी पाणी ओघळतंय का. रस्ता ओला आहे की कोरड्या डांबरावरच पाऊस चाललाय. खऱ्या पावसात दिव्यांचा उजेड रस्त्यावर उभा लांबतो. टाकलेल्या पावसात रस्ता मख्खच राहतो.

परळकर_चाळ३
सगळ्यांचे आभार. चाळणी वेगळी करतोय. अजून एक: चाळीसेक फोटो नुसते मरीन ड्राइव्हवरच्या छत्र्यांचे आहेत. विषयात बसतात, पण वीट आलाय. १ दिला तर चालेल का?

आणि कपड्यांच्या फोटोबद्दल: खिडकीत पांढरा उजेड आहे, बाहेरचं काही दिसत नाही. भिंतीवर ओल चढलीय. डाव्या कोपऱ्यात खाली एक बादली आहे, तिच्या बरोबर वर छताचा पोपडा निघालाय.

भरती_ओहोटी
नाही चालणार. वीट येणं हा नवेपणाचा प्रश्न, तो 'प्रभाव'मध्ये कापा. चाळणीत त्यांना २ मिळालेच पाहिजेत, नाहीतर विषय पाळल्याची शिक्षा होईल.

बादली आहे हे आधी का नाही सांगितलंत! ओल, पोपडा आणि त्याखाली बादली, म्हणजे छत गळतंय. माझ्याकडून ३. फक्त तिघांनाही ती बादली दिसलीय का ते विचारा. मोबाइलवर फोटो बघितला की खालचे काळोखे कोपरे जातात. मूळ फाइल लॅपटॉपवर पूर्ण पडद्यावर उघडा, ब्राइटनेस वाढवा, आणि ज्यांनी आधी आकडा दिलाय त्यांना पुन्हा द्यायला सांगा.