अनुभव धागा: कथा लिहिताना कुठे अडलात आणि कसे सुटलात?

कथा कशी लिहावी यावर सल्ले पोत्याने मिळतात. इथे सल्ले नकोत. एखाद्या कथेत तुम्ही काय बदललंत आणि त्याने काय झालं, एवढंच सांगा. फसलेलं असेल तर आधी ते.

सुरुवात मी करते. माझ्या एका कथेत वाक्य होतं, ‘ती सासऱ्यांना फार घाबरायची.’ मैत्रिणीने वाचून विचारलं, “म्हणजे काय करायची?” मला सांगता येईना. तीन दिवसांनी सुचलं: ‘सासऱ्यांचा फोन आला की ती उठून उभी राहून बोलायची.’ सासऱ्यांचा स्वभाव रंगवण्यात घालवलेली पुढची दोन पानं मग आपोआप गळली.

*

मला प्रथमपुरुषी निवेदक हवा होता, पण तो पुरुष की बाई हे शेवटपर्यंत कळू द्यायचं नव्हतं. पहिल्याच ओळीत गाडी अडली. ‘मी आत गेलो’ की ‘गेले’? मराठी क्रियापद लगेच चुगली करतं. मग ध्यानात आलं, ‘मी दार उघडलं’ यात पत्ता लागत नाही, कारण तिथे क्रियापद दाराच्या मागे जातं. ‘मला वाटलं’, ‘मी सांगेन’ हेही चालतं. पण येणं, जाणं, बसणं, हसणं सगळं बंद! आठ पानं निवेदक जागचा हलेना. शेवटी त्याचा पाय मोडून त्याला अंथरुणाला खिळवलं, आणि कथाच बदलली. आता त्याच्याकडे उरलं ते खिडकीतून पाहिलेलं, भिंतीपलीकडून ऐकलेलं, मनात मोजलेलं. मूळ कल्पनेपेक्षा हे कितीतरी बरं निघालं.

*

मोठ्याने वाचा. मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं तर एका पानात ‘आणि मग’ अकरा वेळा.

*

माझी पात्रं साधं म्हणतच नसत. उद्गारायची, पुटपुटायची, खेकसायची. एक तर चक्क ‘स्मितला’. एके दिवशी सगळीकडे ‘म्हणाला’ केलं आणि संवाद किती पांगळे आहेत ते उघडं पडलं. मग संवादांवरच बसलो. एका भांडणात बायको सुरुवातीपासून ‘अहो, तुम्ही’ करत भांडते. शेवटाकडे तिच्या तोंडी फक्त ‘तू जेवून घे’ घातलं. आवाज चढला, डोळे भरले, काही लिहावं लागलं नाही.

*

काटछाटीचं कौतुक चाललंय म्हणून उलटा अनुभव. मी एक कथा इतकी तासली की पाचजणांना वाचायला दिल्यावर चौघांना नेमकं कोण वारलंय तेच कळलं नाही. पाचवी माझी बहीण, तिला मी आधीच सांगून ठेवलं होतं! सूचकतेच्या नावाखाली साधी माहितीच दडवून बसले होते. ‘आई गेली त्या वर्षी’ एवढे चार शब्द परत घातले.

*

शेवट जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी: १९५८ साली छापून आलेल्या मुलाखतीत हेमिंग्वेने सांगितलंय, एका कादंबरीचं शेवटचं पान त्याने ३९ वेळा लिहिलं. मी सहाव्या खेपेला हात टेकले. मग कथा उलटीकडून वाचत गेले, तर खोट शेवटात नव्हतीच. घर विकायचं की नाही, हा प्रश्न दुसऱ्या पानावर पडायला हवा होता, तो नवव्या पानावर पडत होता. म्हणून शेवटी त्याचं उत्तर आलं तरी कुणाला पर्वा नव्हती. प्रश्न पुढे आणला. शेवट एका संध्याकाळीत झाला, तोही आधी टाकून दिलेलाच.

*

पाय मोडलेल्या निवेदकाच्या लेखकासाठी: तुमचा अनुभव दोनदा वाचला. त्यात तुम्ही स्वतःबद्दलही एकदासुद्धा गेलो-गेले केलेलं नाही, हे लक्षात आलंय बरं का.

*

‘मला माहीत नाही’ हेही चालतं.