डफीचा 'रॉकफेरी' : खरंच चांगला की एमीच्या लाटेवर खपला?

नादखुळा
मंडळी, 'मर्सी' आणि 'वॉरविक अ‍ॅव्हेन्यू' ही दोन गाणी सोडून वेल्सच्या या डफी नावाच्या गायिकेचं काहीच ऐकलं नव्हतं, आता तिचा अख्खा 'रॉकफेरी' अल्बम ऐकला आणि जाम आवडला. मग त्यावेळचं काय काय वाचत बसलो तर निम्म्या लोकांनी पहिल्याच अल्बमला डोक्यावर घेतलेलं आणि बाकीचे म्हणतायत की ही साठच्या दशकातल्या डस्टी स्प्रिंगफील्ड या ब्रिटिश गायिकेची नक्कल, एमी वाइनहाउसची साधीसोज्वळ आवृत्ती वगैरे. 2008 मधे ब्रिटनमधे सगळ्यात जास्त खपलेला अल्बम म्हणे हा, मग आज अडेलचं नाव सगळ्यांना माहीत आणि हिचं कुणी काढत पण नाही असं का? ज्यांनी तेव्हा ऐकलाय त्यांनी सांगा ना.

बेसुरानंद
तेव्हा ऐकलाय म्हणूनच सांगतो, ओव्हररेटेड. एमीचा 'बॅक टू ब्लॅक' 2006 च्या शेवटी आला, तुफान चालला, आणि मग सगळ्या कंपन्या जुन्या सोलसारखं (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साठ-सत्तरचं भावपूर्ण गाणं) गाणारी पोरगी शोधत सुटल्या. जानेवारी 2008 ला अडेलचा '19', मार्चमधे हिचा. आवाज नाकातला, केस साठच्या दशकातले, व्हिडिओ ब्लॅक अँड व्हाइट, सगळं कसं ठरवून केल्यासारखं. एमीच्या गाण्यात रागलोभ असतो, शिव्या असतात, एक माणूस दिसतो. इथे दहा गाणी ऐकून पण बाई नक्की कोण ते कळत नाही. ब्रिटनमधल्या वर्षातल्या उत्तम अल्बमसाठीच्या मर्क्युरी प्राइझच्या यादीत त्या वर्षी अडेल होती, ही नव्हती, त्यातच काय ते आलं.

पावसाळी ढग
बेसुरानंद, मर्क्युरीचं सांगितलंत तर बाकीचं पण सांगा की. 2009 ला तीन ब्रिट अवॉर्ड, त्यात बेस्ट अल्बम पण, आणि शिवाय पॉप व्होकल अल्बमचं ग्रॅमी. न्यू आर्टिस्टचं ग्रॅमी मात्र अडेलने नेलं, नॉमिनेशन दोघींना होतं.

आणि लाटेवर स्वार व्हायला ती 2007 ला उगवली नव्हती हो. वेल्समधल्या नेव्हिन नावाच्या छोट्या किनाऱ्यावरच्या गावातली पोर, वेल्श बोलणारी, तिथल्या वेल्श टीव्हीवरच्या टॅलेंट शोमधे 2003 ला दुसरी आलेली. मग रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीच्या जनेट लीने तिला हाताशी धरलं, स्वेड या रॉक बँडचा जुना गिटारिस्ट बर्नार्ड बटलरशी गाठ घालून दिली, आणि त्याने तिला बेटी स्वॉन, अल ग्रीन यांचं सोल, संगीतकार बर्ट बॅकरॅक असं काय काय ऐकायला दिलं. म्हणजे सोल तिला घरातून मिळालेला नाही, मोठेपणी शिकलाय हे खरं, पण एवढी वर्षं घासून शिकलेल्याला नक्कल कसं म्हणायचं?

नादखुळा, तू बटलरची गाणी वेगळी काढून ऐक. टायटल ट्रॅकला धड कोरसच नाही, पियानो एकाच चालीत ठोकत राहतो आणि मागून व्हायोलिनं वगैरे चढत चढत जातात. 'सिरप अँड हनी'मधे तर जवळपास नुसती गिटार आणि ती. तिथे नाकातला आवाज खुपत नाही उलट तोच हवाहवासा वाटतो. 'मर्सी' बटलरचं नाहीच, ते स्टीव्ह बुकरबरोबरचं, आणि गंमत म्हणजे सगळ्यांनी अल्बम घेतला 'मर्सी'साठी, जे अख्ख्या अल्बममधे सगळ्यात वेगळं गाणं आहे. पाच आठवडे नंबर एकला होतं ते तिकडे. मला विचाराल तर घोळ तिथेच झाला, लोकांना नाचायचं होतं आणि बाई विरहाची गाणी घेऊन आलेली.

बेसुरानंद
बटलरची गाणी चांगली आहेत हे मान्य, पण चारच आहेत ना. बाकी सहा कोण ऐकणार?

लंडनची सून
मी ऐकते की! 'वॉरविक अ‍ॅव्हेन्यू' पण बटलरचं नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बेकरलू लाइनवरचं साधं स्टेशन आहे हो ते, पण टॅक्सीत रडणाऱ्या डफीचा तो व्हिडिओ बघितल्यावर तिथून जाताना गाणं आठवतंच. आणि रॉक फेरी हे पण खरं ठिकाण, लिव्हरपूलसमोर नदीपलीकडे, तिची आजी तिथली.

आज नाव का नाही याचं उत्तर पहिल्या अल्बममधे शोधू नका. 2010 ला तिचा दुसरा अल्बम 'एंडलेसली' आला, मॅनेजर बदललेली, बटलर नाही, आणि तो सपशेल पडला. मग लोक मागे वळून म्हणायला लागले की पहिला पण तसाच होता. त्यानंतर ती गायब का झाली ते तिने 2020 मधे स्वतःच लिहिलंय, फार भयंकर आहे, इथे त्याच्यावर चर्चा नको प्लीज.

नादखुळा
धन्यवाद सगळ्यांना. 'सिरप अँड हनी' परत लावलं हेडफोनवर, ढग म्हणतायत ते पटलं. बेसुरानंद, तुम्ही 'डिस्टंट ड्रीमर' शेवटपर्यंत ऐकलंय का? ते पण त्या चारातलंच आहे.

बेसुरानंद
ऐकलंय. लांबलंय.