वाड्याचा चौक, छापखाना की बाग? छोट्या शास्त्रीय मैफलींच्या जागेविषयी सल्ला हवा आहे

धागाकर्ती : मारवा

नमस्कार. आम्ही काही संगीतप्रेमी मिळून पुण्यात नाट्यगृहाबाहेरच्या जागांमध्ये शास्त्रीय संगीताच्या छोट्या मैफली योजत आहोत. श्रोते सुमारे ८० असतील आणि बैठक भारतीय पद्धतीची असेल. सध्या तीन जागा विचाराधीन आहेत : सदाशिव पेठेतील एका राहत्या वाड्याचा चौक, हडपसरच्या बाजूचा पत्र्याच्या छताचा एक बंद छापखाना आणि एरंडवण्यातील एका बंगल्याची बाग. पहिली मैफल ख्यालगायनाची असून साथीला पेटी आणि तबला असेल. यांपैकी कोणती जागा निवडावी, माइक ठेवावा की नाही, परवानग्या व तिकीट यांचे काय करावे, आणि पुढेमागे पाताळेश्वर लेण्यासारख्या ठिकाणी कार्यक्रम करणे शक्य आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : जवारी

तिन्हींपैकी मी निःसंशय वाड्याचा चौक निवडेन. चारही बाजूंच्या भिंतींवरून आवाज श्रोत्यांकडे परत येतो, पण वर आकाश मोकळे असल्यामुळे तो फार काळ घुमत राहत नाही. गायकाला सोप्यात (चौकालगतच्या ओसरीत), पाठीशी भिंत येईल असे बसवल्यास ८० जणांपर्यंत आवाज सहज पोहोचावा. बागेत नेमके उलटे घडते. तेथे आवाज परतवणारे काहीच नसते, आणि उघड्यावर अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, त्यामुळे मागच्या रांगेसाठी ध्वनिवर्धन अटळ ठरते.

छापखान्याचे छायाचित्र फार देखणे येईल, हे मान्य. परंतु पत्रा, उघड्या भिंती आणि सिमेंटची जमीन यांमध्ये प्रत्येक स्वर मागच्या स्वरावर चढतो. विलंबित (संथ) आलापी कदाचित भरदार वाटेल. द्रुत (जलद) तानेतील दाणे, म्हणजे सुटे स्वर, आणि तबल्याचे बोल मात्र एकमेकांत मिसळून जातील. तीच जागा हवी असेल, तर तेथे ध्रुपदाचा आलाप, रुद्रवीणा किंवा बासरी ठेवावी. जाड सतरंज्या, गाद्या आणि भिंतींवर पडदे यांनी फरक पडतो, आणि श्रोते स्वतःही पुष्कळ आवाज शोषतात, म्हणून रिकाम्या जागेत टाळी वाजवून काढलेला निष्कर्ष संपूर्ण विश्वासार्ह मानू नये. कोणी परिचित गायक असल्यास त्याला कार्यक्रमाच्याच वेळी तेथे तानपुऱ्यासह बसवून आपण सर्वांत मागे बसावे. पाण्याचे पंप, कुकरच्या शिट्ट्या, जवळच्या देवळातील आरती यांचे वेळापत्रक तेव्हाच कळते.

प्रतिसाद : सकाळचा श्रोता

वेळेविषयी लिहितो, कारण आपल्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या काळात उघड्यावर ध्वनिवर्धक वापरता येत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादाही ५५ डेसिबलच आहे. बहुतेकांना ही अडचण वाटते. मला मात्र ती संधी वाटते. नाट्यगृहांतील मैफली बहुधा संध्याकाळीच असतात, त्यामुळे तोडी, ललत किंवा अहिर भैरव हे सकाळचे राग समोर बसून ऐकण्याचे प्रसंग विरळ झाले आहेत आणि दुपारच्या सुमाराच्या सारंग रागाच्या प्रकारांची स्थिती त्याहून बिकट आहे. सवाई गंधर्व महोत्सवात दुपारची सत्रे असल्यामुळे निदान मुलतानी, भीमपलास कानी पडतात. आपण रविवारी सकाळी आठला आरंभ करून तोडीपासून सारंगापर्यंत जावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

एक पथ्य मात्र पाळावे. चौकात ऊन हळूहळू सरकत येते. उन्हात तबल्याची पुडी (वरचे कातडे) सुरात चढते, तानपुऱ्याच्या तारा उतरतात, आणि मग गायकाचा निम्मा वेळ सूर जुळवण्यात जातो. मंचावर आधीच कापडी आच्छादन बांधावे. पावसाळ्यात पुडी ओल धरून उतरते, म्हणून जून ते सप्टेंबर चौक विसरावा.

प्रतिसाद : कागदपत्रे

पाताळेश्वर लेणे आणि आगाखान पॅलेस ही केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील स्मारके आहेत. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५९ च्या नियमांनुसार अशा ठिकाणी मनोरंजनाचा कार्यक्रम केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय करता येत नाही, तेव्हा पहिल्याच वर्षी त्या वाटेला जाऊ नये. पाताळेश्वर हे पूजेतील मंदिर आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

निमंत्रितांची घरगुती बैठक आणि जाहिरात करून तिकीट लावलेला कार्यक्रम यांत कायद्याच्या दृष्टीने फरक पडतो. दुसऱ्या प्रकारासाठी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज वेळेत द्यावा. तिकीट प्रत्येकी ५०० रुपयांपर्यंत असल्यास संगीताच्या कार्यक्रमाच्या प्रवेशशुल्कावर जीएसटी लागत नाही, तसेच शास्त्रीय कलाकाराचे मानधन दीड लाखापर्यंत असल्यास त्यावरही जीएसटी लागत नाही. मोबदल्याचा आकडा मात्र कलाकाराशी आधीच स्पष्ट ठरवावा. ‘जागा लहान आहे’ हे मानधन कमी करण्याचे कारण होऊ शकत नाही.

जुन्या वाड्याच्या लाकडी सज्ज्यावर श्रोते बसवू नयेत. खालून तो कितीही भक्कम दिसला, तरी एरवी दोन माणसे वावरणाऱ्या तुळईवर एकदम तीस जणांचा भार पडणे धोक्याचे आहे.

धागाकर्ती : मारवा

सर्वांचे आभार. चौक आणि सकाळ, दोन्ही सूचना पटल्या. मग माइक अजिबात नकोच, असे समजावे का?

प्रतिसाद : साथसंगत

येथे मी ‘जवारी’ यांच्याशी किंचित असहमत आहे. आजचे अनेक गायक माइक गृहीत धरूनच आवाज लावतात. आवाजातील बारकावे, पुकार (आर्त साद) आणि कुजबुजल्यासारखी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) हे सारे त्या सवयीवर उभे असते. त्यांना माइकशिवाय बसवले, तर ते जोर लावून गातील आणि तासाभरात थकतील. निर्णय गायकावर सोपवावा, पण तारीख पक्की करण्यापूर्वी त्यांना चौक दाखवावा. माइक हवाच असेल, तर गळ्यासाठी एक आणि तानपुऱ्यासाठी एक पुरे. तबल्याला मुळीच देऊ नये. दगडी भिंतींच्या चौकात तबला आपोआपच पुढे येतो आणि पेटीलाही झाकतो. तबलावादकांना भिंतीपासून थोडे पुढे, जाड गादीवर बसवावे, आणि हे त्यांना आदल्या दिवशीच सांगावे. मैफलीच्या सकाळी सांगितलेले कोणालाच रुचत नाही.