जपान समुद्र कसा उघडला, याचा पुरावा खडकांत: सराव साताऱ्यात करता येईल का?

काळापाषाण:
जपान समुद्र उघडताना नैऋत्य जपान घड्याळाच्या दिशेने फिरला, असं वाचलं. लाव्हा थिजताना त्यात कोंडल्या गेलेल्या तेव्हाच्या उत्तरेच्या चुंबकीय दिशेवरून ते कळतं म्हणे. हीच पद्धत इथल्या बेसाल्टवर शिकायची आहे. नमुने कास पठारावरून घेऊ का? आणि ग्रॅनाइटचा यात काय संबंध?

घाटमाथा:
कास नको. एक तर तिथे परवानगीशिवाय दगडाला हात लावता येत नाही, दुसरं म्हणजे वर जांभा आहे. जांभ्यातली लोहखनिजं झिजेतून नंतर तयार झालेली, त्यामुळे मूळ दिशा पुसलेली असते. शिवाय उघड्या माथ्यावर वीज पडून दगड नव्याने चुंबकित होतो. एकाच प्रवाहातल्या दिशा मग चहूकडे पांगतात.

घाटरस्त्याच्या कापात घट्ट, ताजा प्रवाह गाठा. वरचा सच्छिद्र, झिओलाइटने (पोकळ्यांत नंतर साचलेलं पांढरट खनिज) भरलेला भाग सोडा. 25 मिमी व्यासाचे 6 ते 8 गाभे (छिद्रणयंत्राने काढलेले दंडगोल) घ्या, प्रत्येकी 8-10 सेंमी लांब. गाभा तुटून हलण्याआधीच दिशा आणि कल मोजून खूण करायची, नाहीतर तो गाभा वाया गेला. होकायंत्रावर विसंबू नका, बेसाल्ट सुई ओढतो. सूर्य-होकायंत्र (सावलीवरून दिशा देणारं) वापरा, वेळ मिनिटापर्यंत लिहा.

प्रयोगशाळेत उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र 5 मिलिटेस्लाच्या (क्षेत्राच्या तीव्रतेचं एकक) पायऱ्यांनी वाढवत नमुन्याचं चुंबकत्व उतरवत न्या आणि दर पायरीला उरलेलं चुंबकत्व आलेखावर मांडा. शेवटचे बिंदू आलेखाच्या आरंभबिंदूकडे सरळ रेषेत आले, तरच ती दिशा धरायची.

शिलारस:
जपानचं थोडक्यात. नैऋत्य भागातल्या जुन्या ज्वालामुखी खडकांची दिशा उत्तरेऐवजी ईशान्येकडे, साधारण 45 अंश वळलेली, सुमारे 1.5 कोटी वर्षांपेक्षा तरुण खडकांत ते वळण नाही. ईशान्य जपान उलटा फिरला, म्हणजे दोन फळ्यांचं दार. ओटोफुजी आणि सहकाऱ्यांनी हे 1985 मध्ये मांडलं. नंतरच्या कामात फिरण्याचा काळ थोडा मागे सरकला.

ग्रॅनाइट दिशेसाठी कच्चा साक्षीदार. त्यात थर नसतात, मग तो नंतर कलला का, हे कसं ठरवणार? पण काळ तो चांगला सांगतो. नैऋत्य जपानातल्या कुमानोचे आम्ल (सिलिका जास्त असलेले, ग्रॅनाइटच्या जातीचे) खडक 1.4-1.5 कोटी वर्षांचे आणि सागरी गर्तेच्या फार जवळ, जिथे एरवी शिलारस बनत नाही. नैऋत्य जपान दक्षिणेकडे सरकून शिकोकू खोऱ्याच्या (जपानच्या दक्षिणेचं समुद्रतळाचं खोरं) अजून गरम असलेल्या तळावर चढला, हे त्याचं मान्य स्पष्टीकरण.

ग्रॅनाइटचं वय झिरकॉनवरून (त्यातलं बारीक स्फटिक-खनिज) काढताना स्फटिकाचा आतला भाग आणि कडा वेगळे मोजा. जुन्या खडकातून आलेला आतला भाग वय फुगवतो.

घाटमाथा:
आणि कोयनेला खोदलेल्या खोल छिद्रात बेसाल्टखाली लागलेला ग्रॅनाइट-नाइस (ग्रॅनाइट आणि पट्टेदार रूपांतरित खडक) यात मिसळू नका. तो डेक्कनच्या लाव्ह्याहून कितीतरी जुना.